जुन्या घराची डागडुजी

जुन्या घरास पहार लावण्यापूर्वी मालकाने त्याचा रीतसर पंचनामा करावा, असे आमचे मत आहे. सागाच्या तुळया, चौकटी, घडीव चिरे यांची याद करावी. तुळईचे भिंतीत बसलेले टोक टोचून पहावे. कूज बहुधा तेथेच असते. तेवढेच कापून जोड दिल्यास नवे लाकूड विकत घ्यावे लागत नाही. चुन्यातील वीट खरवडून पुन्हा लावता येते, सिमेंटातील सोडविताना फुटते. मातीच्या भिंतीस तर सिमेंटाचा गिलावा देऊच नये. आत ओल कोंडून भिंत पोकळ होते. गवंड्यांस घाई असते, म्हणून ते सिमेंटच सुचवितात! चुना सुमारे ९०० अंशांवर भाजतो, सिमेंटास १४५० लागतात. जळणाचा हिशेब वाचकांनीच करावा. मात्र चुन्याचे काम पावसाळ्याच्या तोंडावर काढू नये. तो घट्ट होण्यास कित्येक आठवडे लागतात.