अंगणातील फरशीच्या दरजा कशाने भराव्यात?

पावसाळा ओसरला की मातीचे अंगण खणून, चोपून, शेणाने सारवून तुळशीच्या लग्नापर्यंत सिद्ध करण्याची प्रथा गोव्यातील बहुतेक घरांतून आता मागे पडली आहे. त्या जागी चिरे, शहाबादी किंवा कोटा फरशी आणि सिमेंटचे पेव्हर आले. फरशी निवडताना घरमालक रंग, जाडी आणि दर यांचा बारकाईने विचार करतो. दोन फरश्यांमधील दरज मात्र गवंड्यावर सोपवून मोकळा होतो. येथे वर्षाला सरासरी सुमारे 3,000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. अंगण खचणे, निसरडे होणे, जोत्यात ओल चढणे या तक्रारींचा उगम पुष्कळदा या दुर्लक्षित दरजांतच असतो.

आधी फरशीखाली पाहावे

दरजेत काय भरायचे हे फरशीच्या रंगावरून नव्हे, तिच्याखालच्या थरावरून ठरवावे. रेतीच्या थरावर बसवलेले पेव्हर वा चिरे ओझ्याखाली किंचित हलतात आणि पाणी खाली झिरपू देतात. काँक्रीटवर सिमेंटच्या मसाल्यात बसवलेली फरशी हलत नाही. तेथे पाणी उतारावरूनच वाहून जायला हवे.

पहिल्या प्रकारच्या अंगणात सिमेंटने दरजा भरल्यास हालचालीमुळे त्यांना लवकरच तडे जातात. तड्यांतून शिरलेले पाणी खालची रेती वाहून नेते आणि फरशी डगमगू लागते. दुसऱ्या प्रकारात सुटी रेती भरल्यास पाणी काँक्रीटपर्यंत जाऊन अडकते. मग दगडावर पांढरा लोणा फुटतो.

सुटी रेती

पेव्हरमधील दरज साधारण 2 ते 4 मिलिमीटर ठेवतात. तिच्यात कोरडी, बारीक, टोकदार कणांची रेती झाडूने सारून, पेव्हर ठोकून बसवून, पुन्हा रेती सारावी. दरजा तोंडापर्यंत भरल्या की ब्लॉक एकमेकांना घट्ट धरतात आणि एकावर पडलेले ओझे शेजाऱ्यांत वाटले जाते. दरज रिकामी झाली की हा आधारच नाहीसा होतो.

दगड फोडून तयार केलेली, चाळलेली रेती या कामाला चांगली. समुद्राची रेती टाळावी. तिच्यातील मीठ ओल धरते आणि लोणा वाढवते. रेतीत माती किती आहे हे पाहण्यासाठी काचेच्या बरणीत रेती व पाणी घालून ती हलवावी आणि काही तास स्थिर ठेवावी. रेतीवर गाळाचा जाड थर बसला, तर ती घेऊ नये. मातकट दरजेत गवत लवकर धरते.

सुटी रेती पहिल्या पावसात थोडी खाली बसते, म्हणून ती दरवर्षी भरावी लागते. छपराच्या पागोळ्या जेथे पडतात, तेथे ती टिकत नाही. त्या पट्ट्यात खडी पसरावी किंवा दगडी पन्हळ करावा.

सिमेंट

काँक्रीटवरील शहाबादी वा कोटा फरशीसाठी एक भाग सिमेंट आणि तीन ते चार भाग रेती असा मसाला चालतो. दरज 8 ते 10 मिलिमीटर रुंद ठेवून मसाला आतपर्यंत दाबावा. वरवर लिंपलेला थर सुटून येतो. त्यानंतर किमान सात दिवस पाणी मारावे. अंगण मोठे असल्यास साधारण दर 3 मीटरवर एक दरज सिमेंटऐवजी लवचीक सीलंटने भरावी, म्हणजे उन्हात फरशी फुगली तरी उचलली जात नाही. उतार मीटरमागे दीड ते दोन सेंटिमीटर आणि घरापासून बाहेरच्या दिशेने असावा.

चिऱ्यांना चुना

जांभा सच्छिद्र आणि तुलनेने मऊ असतो. त्याच्याभोवती कडक सिमेंट भरले की ओल दरजेतून बाहेर पडू शकत नाही. ती चिऱ्यातून निघते आणि त्याच्या कडा झडू लागतात. दरज नेहमी दगडापेक्षा मऊ असावी, कारण दरज पुन्हा भरता येते, झडलेला चिरा सांधता येत नाही. गोव्यातील जुन्या घरांत शिंपल्यांचा चुना वापरलेला आढळतो. मसाल्यात बसवलेल्या चिऱ्यांसाठी आजही चुन्याचा मसालाच योग्य, मात्र तो सावकाश घट्ट होतो. त्यासाठी पावसापूर्वीचे काही कोरडे महिने हाती हवेत.

नवी साहित्ये

पॉलिमर मिसळलेली रेती पाणी शिंपडल्यावर घट्ट होते आणि गवताला अटकाव करते. ती भरताना फरशी पूर्ण कोरडी हवी, अन्यथा वर पांढुरका थर राहतो. खालून निचरा नसलेल्या, सतत ओल्या अंगणात ती टिकत नाही. इपॉक्सी पाणी शोषत नाही आणि डागही धरत नाही. परंतु ते महाग असते, त्याला पक्के काँक्रीट लागते आणि उघड्या उन्हात ते पिवळे पडते.

गवत आणि शेवाळ

दरजेतील गवत बहुधा वरून पडलेल्या बियांतून उगवते. त्यामुळे फरशीखाली प्लास्टिक अंथरून ते थांबत नाही, उलट निचरा बंद होतो. शेवाळासाठी ॲसिड वापरणे घातक आहे. कोटा, शहाबादी आणि कडप्पा हे चुनखडीचे दगड आहेत. ॲसिड त्यांना आणि सिमेंटच्या दरजांनाही खाते. ताठ केसांचा ब्रश आणि साधे पाणी पुरे. जोरदार झोताचे यंत्र वापरल्यास सुटी रेती उडून जाते, ती लगेच भरावी.

हे काम जानेवारी ते एप्रिल या काळात उरकावे. अंगणाच्या कोपऱ्यातील एक फरशी उचलून खाली रेती आहे की काँक्रीट, हे पाहावे आणि मगच दुकानात जावे.