ऐरोलीचा कामगार : कारखान्याकडून कंत्राटाकडे

महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ मध्ये स्थापन झाले. त्यानंतर ठाणे खाडीच्या पूर्वेला, आगरी-कोळी गावांच्या जमिनी संपादित करून दिघ्यापासून नेरुळपर्यंत ट्रान्स-ठाणे क्रीक (टीटीसी) औद्योगिक पट्टा उभा राहिला. मफतलाल समूहाची नोसिल, हर्डिलिया केमिकल्स, सीमेन्स, भारत बिजली अशा कंपन्या ठाणे-बेलापूर रस्त्यालगत आल्या. पट्ट्याच्या उत्तर टोकाजवळ असलेली नवी मुंबईतली ऐरोली कामगारांची वस्ती झाली.

त्या काळी ‘पर्मनंट’ होणे हे कामगाराचे ध्येय असे. पर्मनंट नोकरीसोबत भविष्यनिर्वाह निधी, बोनस, ग्रॅच्युइटी आणि युनियनने केलेला वेतनकरार मिळे. अशा पगारावर सिडकोचे छोटे घर घेता येई. ज्यांना ते परवडले नाही, ते दिघा, चिंचपाडा, यादवनगर येथील झोपडपट्ट्यांत राहिले.

१९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर आयातशुल्क उतरले आणि स्पर्धा वाढली. नोसिलचा लहान क्षमतेचा पेट्रोकेमिकल प्रकल्प गुजरातमधल्या हजीऱ्यासारख्या प्रचंड प्रकल्पांपुढे टिकला नाही. कंपनी रबर-रसायनांपुरती उरली. इकडे जमिनीचे मोलही उत्पादनापेक्षा वाढत गेले आणि कारखाने बंद होऊ लागले. मोठ्या कंपन्यांच्या कामगारांना स्वेच्छानिवृत्तीची रक्कम तरी मिळाली. या कंपन्यांच्या कामावर जगणाऱ्या लहान वर्कशॉपांतल्या कामगारांपैकी अनेकांच्या हाती तेवढेही आले नाही.

१९९९ मध्ये मुलुंड-ऐरोली पूल खुला झाला आणि २००४ मध्ये ठाणे-वाशी लोकल सुरू झाली. २००५ च्या विशेष आर्थिक क्षेत्र कायद्यानंतर माइंडस्पेससारखी आयटी संकुले वाढली, पुढे डेटा सेंटर आली. रोजगार आला, पण तो पदवी आणि इंग्रजी मागणारा. जुन्या कामगारांच्या घरातल्या अनेकांच्या वाट्याला सिक्युरिटी, हाऊसकीपिंग, कँटीन किंवा डिलिव्हरीचे काम आले, बहुतेक ठेकेदारामार्फत. ठेकेदार बदलला की सेवा पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजली जाते. ग्रॅच्युइटीसाठी सामान्यतः सलग पाच वर्षे लागत असल्याने दहा वर्षे एकाच इमारतीत राबलेला माणूसही तिला मुकू शकतो. घरभाडे मात्र आयटीतल्या पगारांच्या मागे चढते.

सीमेन्स, भारत बिजली यांचे कारखाने आजही चालू आहेत. पट्टा ओसाड पडलेला नाही. इथली गरिबी रिकाम्या हातांपेक्षा बेभरवशाच्या मजुरीतून वाढते. त्यामुळे केवळ नवे उद्योग आणून ती हटणार नाही. ठेकेदार बदलला तरी सेवा अखंड धरली जावी, स्थानिक मुलांना नव्या कामाचे प्रशिक्षण मिळावे आणि झोपडपट्ट्यांचे पुनर्वसन व्हावे, ही जबाबदारी शासनाने आणि उद्योगांनी आता उचलली पाहिजे.