मंत्री नेमतं कोण?

परवा मुरबाड स्टँडवरच्या टपरीवर एका कॉलेजच्या पोराने विचारलं, "काका, मंत्र्यांना शपथ राष्ट्रपती देतात, मग निवडतातही तेच ना?"

आपल्याच भागातलं उदाहरण घेऊ. शहापूर आणि मुरबाड हे दोन्ही विधानसभा मतदारसंघ भिवंडी लोकसभेत येतात. तिथले तेव्हाचे खासदार कपिल पाटील 7 जुलै 2021 ला केंद्रात पंचायती राज राज्यमंत्री झाले. शपथ राष्ट्रपती कोविंद यांनी दिली, पण नाव ठरवलं पंतप्रधानांनी. घटनेचं कलम 75 तेच सांगतं: नेमणूक राष्ट्रपतींची, सल्ला पंतप्रधानांचा. हा सल्ला टाळता येत नाही.

आता गंमत. राज्यमंत्री मंत्रिपरिषदेत असतो, पण कॅबिनेटच्या बैठकीला एरवी बसत नाही. त्याच्या खात्याचा विषय असला तर बोलावणं येतं. पाटलांच्या खात्याचे कॅबिनेट मंत्री गिरिराज सिंह होते. आपल्याकडे मात्र "मंत्री झाले" म्हणून दोघांनाही सारखेच हार! आणि 'राज्यमंत्री' म्हणजे महाराष्ट्राचा मंत्री, असं समजणारेही भेटतात.

निवडून न आलेलाही मंत्री होऊ शकतो. सहा महिन्यांत खासदार व्हावं लागतं. अमेरिकेत उलटं: राष्ट्राध्यक्ष स्वतः माणूस निवडतो, सिनेट मंजुरी देते आणि मंत्र्याला संसदेचं सदस्य राहता येत नाही.

आपल्या राज्यातही केंद्रासारखीच पद्धत, राष्ट्रपतींच्या जागी राज्यपाल, पंतप्रधानांच्या जागी मुख्यमंत्री. 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांच्या संख्येवर सभागृहाच्या सदस्यसंख्येच्या 15 टक्क्यांची मर्यादा घातली. म्हणून विधानसभेत 288 आमदार असलेल्या महाराष्ट्रात मुख्यमंत्र्यांसह जास्तीत जास्त 43 मंत्री.

खातेवाटपाबद्दल काही विचारायचं असेल तर खाली लिहा.