रेंज गेल्यावर काय?

रात्रीचे अकरा. तुम्ही नगरमध्ये रूमवर, घर पाथर्डीकडच्या एखाद्या गावात. तिकडं संध्याकाळपासून धो धो कोसळतोय, हे कुणाच्या तरी स्टेटसवरून कळलेलं. आईला फोन लावता. ‘आपण डायल केलेला नंबर संपर्क क्षेत्राबाहेर आहे.’ परत लावता, परत तेच. व्हॉट्सअ‍ॅपवर एकच टिक. सप्टेंबर २०२५ मध्ये पाथर्डी, शेवगाव, जामखेड पट्ट्यात अतिवृष्टी झाली, तेव्हा अशी रात्र तुमच्यापैकी अनेकांनी काढली असेल.

दिवसभर आपल्या हातात असलेला फोन नेमका गरजेच्या वेळीच का दगा देतो?

टॉवर म्हणजे नुसता लोखंडी सांगाडा नाही. त्याला वीज लागते आणि बाकीच्या नेटवर्कशी जोडणारी लाइन लागते. वीज गेली की बॅटरी काही तास तग धरते, मग जनरेटर. पण रस्ताच वाहून गेला तर डिझेल पोचवणार कोण? लाइनचंही तसंच. फायबरची केबल बऱ्याचदा रस्त्याच्या कडेनं आणि पुलावरून जाते. पूल गेला की केबलही गेली. टॉवर उभा दिसतो, पण मुका असतो. आणि यातून जे टॉवर वाचतात, त्यांच्यावर सगळेच एकदम फोन लावतात. मग तेही गुदमरतात.

जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ चक्रीवादळानं रायगड-रत्नागिरीत हेच केलं. खांब पडले, वीज गेली आणि कित्येक गावांचा संपर्क दिवसेंदिवस तुटला. मुंबई-पुण्यात नोकरी करणाऱ्या पोरांना आपलं घर उभं आहे की नाही, तेसुद्धा कळत नव्हतं.

त्याआधीची माळीणची गोष्ट तर विसरूच नका. अकोल्याच्या डोंगरांपासून फार लांब नाही, आंबेगाव तालुक्यातलं हे गाव. ३० जुलै २०१४ च्या सकाळी डोंगर गावावर कोसळला. बाहेरच्या जगाला बातमी कशी कळली? नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या ड्रायव्हरला गाव जागेवर दिसेना, म्हणून! दीडशेहून जास्त माणसं गेली.

नगर जिल्ह्यात पूर दोन तऱ्हेचा येतो. गोदावरीचं पाणी नाशिककडून नांदूर मधमेश्वरमार्गे कोपरगावला येतं, प्रवरेचं भंडारदरा-निळवंड्यातून. इथं हाताशी काही तास असतात, निरोप वेळेत पोचला तर माणसं आणि जनावरं हलवता येतात. ओढ्या-नाल्यांचा पूर मात्र ढगफुटीसारख्या पावसात बघता बघता अंगावर येतो. तिथं निरोपाला मिनिटंच मिळतात.

सोयी वाढल्यात, हेही खरं. २०२३ मध्ये तुमचा मोबाइल एकदम भोंग्यासारखा वाजला होता, आठवतंय? ती सेल ब्रॉडकास्टची चाचणी. टॉवरच्या टप्प्यातल्या फोनवर एकाच वेळी इशारा जातो, त्यामुळे लाइन जाम होण्याचा प्रश्न नाही. आपल्याकडं अनेक गावांत ग्रामसुरक्षा यंत्रणा आहे. एका टोल फ्री नंबरवर बोललं की तोच आवाज गावातल्या नोंदणी केलेल्या सगळ्या मोबाइलवर जातो. पण या दोन्ही गोष्टींना जिवंत टॉवर लागतो. तो पडला की उरतो मंदिराचा भोंगा, दवंडी आणि दारोदार जाणारी पोरं.

म्हणून एवढं करून ठेवा :

- फोन लागत नसेल तर साधा एसएमएस टाका. त्याला अगदी थोडी जागा लागते, त्यामुळे कॉल अडकला तरी तो जाऊ शकतो.
- स्क्रीनवर ‘इमर्जन्सी कॉल्स ओन्ली’ दिसतंय? म्हणजे तुमच्या कंपनीचा टॉवर गेलाय, पण दुसऱ्या कुणाचा तरी चालू आहे. ११२ लावा.
- संकटात सरकार कंपन्यांना एकमेकांचं नेटवर्क ग्राहकांना वापरू द्यायला सांगू शकतं. तेव्हा सेटिंगमध्ये जाऊन दुसरं नेटवर्क हातानं निवडून बघा.
- विजांच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या आयआयटीएमचं ‘दामिनी’ अ‍ॅप घ्या. घरच्यांच्या फोनमध्येही टाकून द्या.
- घरातले आणि शेजारच्या गावातल्या पाहुण्यांचे नंबर कागदावर लिहा. बॅटरी संपली की कॉन्टॅक्ट लिस्टही गेली.

आणि खरंच आवड असेल तर हॅम रेडिओ शिका. वयाची १२ वर्षं पूर्ण झालेल्या कुणालाही परीक्षा देऊन लायसन्स मिळतं. एक सेट, एक बॅटरी, एक अँटेना, बास. मध्ये कुठल्याही कंपनीचा टॉवर लागत नाही. १९९३ च्या किल्लारी भूकंपात हे हौशी लोक सेट घेऊन मदतीला पोचले होते. कॉलेजात दोन-चार जणांकडं जरी हे लायसन्स असलं, तरी तालुक्याला आधार होईल.

या शनिवारी-रविवारी गावी गेलात की घरी एकच गोष्ट ठरवा : फोन लागला नाही तर सगळ्यांनी जमायचं कुठं आणि निरोप ठेवायचा कुणाकडं. पाच मिनिटांचं काम आहे. ते रेंज असतानाच उरकून टाका.