विकरं नुसती तोडत नाहीत

शाळेतला तो प्रयोग बहुतेकांना आठवत असेल. दोन परीक्षानळ्यांत भाताची पेज, त्यातल्या एकीत थोडी लाळ आणि काही वेळाने दोन्हींत आयोडीनचा थेंब. लाळ नसलेली नळी काळीनिळी होते, दुसरी होत नाही, कारण लाळेतल्या विकराने, म्हणजे एन्झाइमने, पेजेतला स्टार्च तोडलेला असतो. प्रयोग उत्तम आहे. पण त्यातून एक समज डोक्यात कायमचा बसतो : विकर म्हणजे तोडणारा, पचवणारा पदार्थ. पुढे पाचक गोळ्यांच्या आणि कपडे धुण्याच्या पावडरींच्या जाहिराती तो पक्का करतात. मग जिवाणूंच्या विकरांवरून नवी औषधं शोधतात असं सांगितलं, की विज्ञानाचे पदवीधरसुद्धा विचारतात, "विकरं तर तोडतात ना? मग औषध येतं कुठून?"

हे वारंवार ऐकून आता खरोखर चीड येते. आपल्या पेशीत डीएनएची नक्कल तयार होते, ती विकरंच जोडत जातात. झाड हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून साखर बनवतं, तेही विकरांच्याच बळावर. विकर रासायनिक क्रिया घडवून आणतं. ती तोडण्याची असेल, जोडण्याची असेल किंवा वळण देण्याची.

एरिथ्रोमायसिनचंच पाहा. कोविडच्या काळात घरोघरी पोहोचलेलं अझिथ्रोमायसिन याच्यातच थोडा रासायनिक बदल करून बनवतात. एरिथ्रोमायसिन तयार करतो तो मातीतला एक जिवाणू. त्याच्याकडे तीन अवाढव्य प्रथिनं असतात आणि प्रत्येकात जोडकामाचे दोन टप्पे, म्हणजे एकूण सहा. सुरुवातीला तीन कार्बनचा एक तुकडा आत येतो. पुढे प्रत्येक टप्प्यावर आणखी तीन कार्बन जोडले जातात आणि वाढती साखळी पुढच्या टप्प्याच्या हाती दिली जाते. शेवटी साखळीची दोन टोकं जुळवून कडं बनतं. तीन आणि सहा त्रिक अठरा, मिळून एकवीस कार्बन. या कड्यावर नंतर दुसरी विकरं दोन शर्करा बसवतात, तेव्हा कुठे औषध पुरं होतं.

आता मुद्द्याचं. अशा विकरांची जनुकं जिवाणूच्या डीएनएत बहुधा एकमेकांना लागून असतात आणि त्यांचा साचा ओळखू येतो. म्हणजे पदार्थ हाती लागण्याआधीच तो बनवणारी यंत्रणा वाचता येते. स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलर हा निळा रंग सोडणारा जिवाणू शास्त्रज्ञ कित्येक दशकं अभ्यासत होते. तो बनवत असलेले मोजकेच पदार्थ माहीत होते. 2002 साली 'नेचर'मध्ये त्याचा पूर्ण जनुकसंच प्रसिद्ध झाला आणि असे पदार्थ बनवणाऱ्या जनुकांचे वीसहून अधिक गट त्यात निघाले. ज्याची ओळख पुरती झाली असं वाटत होतं, त्याची बहुतेक कोठारं बंदच होती.

त्यातलं एक कोठार शास्त्रज्ञ ग्रेगरी चॅलिस आणि सहकाऱ्यांनी उघडलं. विकराच्या रचनेवरून त्यांनी आधीच भाकीत केलं होतं, की हा पदार्थ लोह पकडणारा असणार. म्हणून त्यांनी जिवाणूला लोहाची टंचाई असलेल्या माध्यमात वाढवलं आणि पदार्थ मिळाला : सीलिकेलिन, 2005. गंमत पुढेच आहे. विकराचे टप्पे तीन, म्हणून पदार्थात घटकही तीनच असतील असा अंदाज होता, निघाले चार. विकर वाट दाखवतं, पण शेवटचा शब्द प्रयोगाचाच.

म्हणूनच 'मातीतली औषधं आता संपली' हे विधान मला पटत नाही. जुन्या पद्धतीने बश्यांवर जिवाणू वाढवले, की तेच ते पदार्थ पुन्हा हाती येतात, हे खरं आहे. पण मातीतले बहुसंख्य जिवाणू अशा बशीत वाढतच नाहीत आणि जे वाढतात तेही सगळं काही दाखवत नाहीत.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. 'प्रतिजैविकं बुरशीपासून मिळतात' : पेनिसिलिन मिळतं, स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन आणि व्हँकोमायसिन मात्र जिवाणूंची देणगी. 'नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी' : स्ट्रेप्टोमायसिनने ऐकू येणं कमी होऊ शकतं, आणि कर्करोगावरचं डॉक्सोरुबिसिन हृदयाला इजा करू शकतं. दोन्ही मातीतल्या जिवाणूंचीच. 'पहिल्या पावसाचा वास मातीचा असतो' : त्यातला मोठा वाटा जिओस्मिनचा असतो. ते स्ट्रेप्टोमायसिससारखे जिवाणू बनवतात, लाख कोटी भागांत काही मोजके भाग असले तरी आपल्या नाकाला कळतं आणि त्याचा सांगाडा एकच विकर घडवतं. 'हे सगळं परदेशातच होतं' : हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये सापडलं आणि ज्या जिवाणूपासून मिळालं त्याला पिंपरीचंच नाव दिलं गेलं.

विज्ञान शिकवणाऱ्यांना एक विनंती. लाळेचा प्रयोग जरूर करून दाखवा. नळ्या धुवायला नेण्याआधी फळ्यावर एरिथ्रोमायसिनचं ते कडंही काढा आणि हे विकरांनी जोडलंय, असं मुलांना सांगा.