वर्षाचा रंग पांढरा. पण कोणत्या अर्थाने?

अमेरिकेतील ‘पँटोन’ ही कंपनी दर डिसेंबरात येत्या वर्षाचा रंग जाहीर करते. रंगछटांना क्रमांक देणे हा तिचा मूळ व्यवसाय. वर्षाच्या रंगाची प्रथा २००० सालासाठी आभाळी निळा निवडून सुरू झाली. या निवडीने बाजाराचे भले होते, हे उघडच आहे. तथापि तिच्यासोबत काळाचे एक निदानही असते. २०१६ मध्ये फिकट गुलाबी आणि फिकट निळा एकत्र निवडले गेले, ते मुलींचा रंग आणि मुलांचा रंग ही विभागणी पुसट होत असल्याचे सुचवण्यासाठी. कोविडच्या सावटातील २०२१ला करडा आणि पिवळा मिळाले: एक खंबीरपणाचा, दुसरा आशेचा.

२०२६ साठी प्रथमच पांढरा आला. गोंगाटातून उसंत, कोऱ्या पानावरचा नवा आरंभ, ही त्यामागची कल्पना. खुद्द अमेरिकेत मात्र, वर्णाचा प्रश्न धगधगत असताना पांढराच का, असा वाद झाला.

गोव्यात तर या रंगाचे अर्थ शेजारच्या अंगणात बदलतात. चर्चमध्ये वधू शुभ्र झग्यात उभी राहते आणि शोकाला काळा असतो. हिंदू घरांत वधूला हळदीचा पिवळा, चुड्याचा हिरवा. पांढरे वस्त्र मात्र पिढ्यान्‌पिढ्या वैधव्याशी जोडले गेले. (काही ब्राह्मण घरांत तांबडे आलवण असे, तो भाग वेगळा.) आता नव्या वळणाच्या लग्नपत्रिका पांढऱ्याशुभ्र छापल्या जातात, वाटण्यापूर्वी घरातील वडीलधारी मंडळी त्यांच्या कोपऱ्यांना हळदकुंकू लावतात.