धाप थांबली, म्हणजे दमा थांबला?

नागझिऱ्याच्या जंगलाभोवतालच्या गावांत मार्च-एप्रिल म्हणजे मोहाचा हंगाम. फुलं सहज वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो. घरात चुलीचा धूर असतोच, धान निघालं की मळणीची धूळ. दमेकऱ्याची छाती घरघरू लागते. धाप ओसरली की पंप फळीवर ठेवला जातो आणि दम्याचा विसर पडतो. खरा घात या मधल्या काळात होतो.

गैरसमज : दमा म्हणजे श्वासनळ्यांचं तात्पुरतं आवळणं.

वस्तुस्थिती : श्वासनळीच्या अस्तराला आतून सूज असते. धूर, धूळ, परागकण, सर्दीचे विषाणू त्याला पुन्हा पुन्हा इजा करतात. ती भरून काढायला पेशी ‘वाढ-घटक’ नावाची प्रथिनं सोडतात. कापलेलं बोट भरून येतं तेही यांच्याच मदतीनं. या घटकांच्या शोधासाठी रिटा लेव्ही-मोन्टाल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांना १९८६ चं नोबेल मिळालं.

दम्यात इजा थांबत नाही, म्हणून डागडुजीही थांबत नाही. मातीची भिंत वेळच्या वेळी लिंपली तर घर टिकतं. पण आतून रोज थर चढवला तर खोलीच अरुंद होईल. टीजीएफ-बीटा या घटकामुळे अस्तराखाली कोलॅजनचे चिवट धागे साचतात. व्हीईजीएफमुळे नव्या रक्तवाहिन्या फुटतात, त्या पाझरतात आणि सूज वाढते. ईजीएफमुळे कफ बनवणाऱ्या पेशी वाढतात. नळीभोवतीचा स्नायूही जाड होतो.

गैरसमज : धाप येते नि जाते, मागे काही उरत नाही.

वस्तुस्थिती : २०११ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी सौम्य दमा असलेल्यांच्या श्वासनळ्या औषधानं वारंवार आकसवल्या. सूज वाढली नाही, तरी काही दिवसांतच टीजीएफ-बीटा आणि कोलॅजनचा थर वाढला. ज्यांना नळ्या उघडणारं औषध आधीच दिलं होतं, त्यांच्यात हे बदल दिसले नाहीत.

गैरसमज : नळ्या जाड होतात त्या म्हातारपणी.

वस्तुस्थिती : वारंवार घरघर होणाऱ्या, अजून शाळेत जायचं वयही न झालेल्या मुलांमध्ये हा जाड थर आढळला आहे.

गैरसमज : पंपाची सवय लागते, गोळी बरी.

वस्तुस्थिती : पंपाचं व्यसन लागत नाही. नळ्या उघडणाऱ्या साल्बुटामॉलच्या गोळीत २ किंवा ४ मिलिग्रॅम औषध असतं. पंपाच्या एका दाबात साधारण १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे गोळीचा विसावा भाग किंवा त्याहून कमी, आणि तेही थेट नळीत. मात्र हा पंप फक्त नळ्या उघडतो. सूज उतरवतो तो स्टेरॉइडचा पंप. म्हणून तो डॉक्टरांनी सांगितला तसा, बरं वाटत असतानाही घ्यायचा आणि नंतर चूळ भरायची. साचलेलं सगळं कोलॅजन औषधानं विरघळत नाही. नवा थर चढू न देणं आपल्या हाती आहे.

मोह गोळा करायला झाडाखाली जाळी बांधता येते. मग पाचोळा पेटवावा लागत नाही; जंगल वाचतं आणि वेचणाऱ्याची छातीही.